अर्थिंगला पाणी

आमच्या माणदेशात विजेला कुणी वीज म्हणत नाही, लाईट म्हणतात. लाईट आली, लाईट गेली, लाईटीचा डांब, लाईटीचं बिल. भर दुपारी उन्हात मोटार चालवायची असली तरी शेजारच्या रानात हाक मारून ‘लाईट हाय का?’ असंच विचारायचं. वीज म्हणजे आभाळातली. ती कडाडते, पडते, आणि पडली की एखादी बाभळ, दोन-चार मेंढरं नाहीतर झाडाखाली थांबलेला माणूस घेऊन जाते. एक सरकारची, दुसरी देवाची. या दोघींचं काही नातं असेल असं आमच्या गावात कुणाच्या मनातही आलं नव्हतं. त्यामुळं आठवीत शास्त्राच्या मास्तरांनी ‘दोन्ही एकच आहेत’ म्हणून सांगितलं तेव्हा सगळा वर्ग हसला.

मास्तर रागावले नाहीत. त्यांनी बेंजामिन फ्रँकलिनची गोष्ट सांगितली. हा अमेरिकेतला माणूस, मूळचा छापखानेवाला. १७५२ साली त्यानं वादळी ढगांत पतंग उडवला आणि दोरीला बांधलेल्या किल्लीतून ठिणगी काढून दाखवली. पोरांचे डोळे चमकलेले बघून मास्तरांनी लगेच पुढची गोष्टही सांगितली, की दुसऱ्याच वर्षी रशियात रिचमन नावाचा शास्त्रज्ञ असाच प्रयोग करताना वीज अंगावर येऊन मेला. ‘तेव्हा पतंग संक्रांतीलाच उडवा’ म्हणाले.

धडा होता जूनमधला. कंगवा डोक्यावर घासायचा आणि कागदाच्या कपट्याजवळ न्यायचा, असं पुस्तकात होतं. आम्ही तेलानं चपचपीत केलेल्या डोक्यावर कंगवे घासले, कपटे काही हलले नाहीत. मास्तर म्हणाले, ‘पावसाळी हवा आहे, हा धडा दिवाळीनंतर बघू.’ मला तेव्हा ती पळवाट वाटली. पण दिवाळीनंतर डोकी कोरडी ठेवून या म्हणाले, आणि खरंच, कोरड्या थंडीत कपटे टणाटण उड्या मारून कंगव्याला चिकटले. हवेत ओल असली की घासून जमलेला प्रभार हळूच निसटून जातो, कोरड्यात तो जागेवर राहतो. आमचा मुलूख दुष्काळी. पीक येत नाही, पण या प्रयोगाला तो फार सोयीचा आहे.

त्याच थंडीत मला घोंगडीतली लाईट सापडली. आमच्याकडं घोंगडी धनगराघरची, हातमागावर विणलेली, अंगाला टोचणारी. जोंधळ्याच्या राखणीला माळ्यावर झोपायला जायचो. गिरणीत कामाला असलेल्या मामानं मुंबईहून मला एक टेरिलीनचा सदरा आणला होता. तो घालून झोपलो, आणि रात्री उठून घोंगडी फर्रकन ओढली तर अंगभर चरचर आवाज आला आणि निळसर ठिणग्या दिसल्या. आईला सांगितलं तर ती म्हणाली, ‘रानात झोपतोस, काय काय बघशील.’ आबांनी सदरा बदलून झोपायला सांगितलं. मांजरपाटाची बंडी घालून झोपलो तर ठिणगी नाही. म्हणजे भूत सदऱ्यात होतं.

मास्तरांनी त्याचा उलगडा केला. प्रत्येक वस्तूत दोन तऱ्हेचा प्रभार असतो, धन आणि ऋण, आणि एरवी दोन्ही बरोबरीला असल्यानं आपल्याला काही कळत नाही. घासलं की एकीकडचे इलेक्ट्रॉन दुसरीकडं जातात. लोकर ते सोडून देते, टेरिलीन ते धरून ठेवतं. ज्याच्याकडं जास्त झाले ते ऋण, ज्याचे गेले ते धन. मला हे सावकाराच्या वहीसारखं वाटलं, फक्त नावं उलटी. इथं ज्याच्याकडं माल आला त्यालाच ऋण म्हणतात! धन-ऋण ही नावं फ्रँकलिननं दिली, तेव्हा इलेक्ट्रॉन कुणालाच ठाऊक नव्हता. तो थॉमसननं १८९७ साली शोधला आणि मग कळलं की तारेत धावतो तो हा ऋणवाला. तोवर सगळी पुस्तकं छापून झाली होती. अजूनही करंट धनाकडून ऋणाकडं जातो असं लिहितात आणि इलेक्ट्रॉन बिचारा उलट्या दिशेनं चालत असतो. सातबाऱ्यावर एकाचं नाव आणि कसणारा दुसराच, तशातला हा प्रकार.

घोंगडीची ठिणगी मारत का नाही, हेही मी विचारलं होतं. एक मिलिमीटर हवा ओलांडून ठिणगी पडायला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात. आमच्या घरात येते ती दोनशे तीस व्होल्टची, आणि ती माणूस मारते. मास्तर म्हणाले, उंच कड्यावरून पाण्याचा एक थेंब डोक्यावर पडला तर काय होतं? आणि कमरेएवढ्या ओढ्याला पूर आला तर? व्होल्ट म्हणजे उंची. वाहणारं पाणी वेगळं मोजायचं, ते अँपिअर. थेंब कितीही उंचावरून आला तरी तो थेंबच.

चुंबक मला त्याच्याही आधी भेटला होता. चावडीवरचा फुटका लाऊडस्पीकर कुणीतरी उकिरड्यावर टाकलेला, त्यातलं गोल काळं चुंबक आम्ही फोडून काढलं. काढताना त्याचे दोन तुकडे झाले आणि वाटणीवरून माझी आणि चुलत भावाची मारामारी झाली, कारण त्याला वाटलं माझ्या तुकड्यात ओढायची बाजू आली आणि त्याच्यात ढकलायची. तसं होत नाही. चुंबकाचे कितीही तुकडे करा, प्रत्येकाला दोन्ही ध्रुव असतातच. प्रभाराचं तसं नाही, धन वेगळा काढता येतो, ऋण वेगळा. चुंबकाला मात्र एकटं राहणं माहीत नाही. आम्ही माणगंगेच्या कोरड्या पात्रातून दोरीला बांधून ते तुकडे फिरवायचो आणि ते काळ्या बारीक रेतीनं केसाळ होऊन यायचे. सुरवंटासारखे दिसायचे. आमचा काळा दगड झिजून जी वाळू होते तिच्यात लोहाचे कण असतात. ही रेती डब्यात साठवून काय करायचं ते आम्हाला शेवटपर्यंत सुचलं नाही.

लाईट आणि चुंबक यांची गाठ पडली ती सायकलच्या डायनामोत. हायस्कूल सहा मैलांवर होतं. दहावीला जादा तास असायचे, यायला अंधार पडायचा. आबांनी बाजारातून जुनी सायकल आणली, तिला बाटलीच्या आकाराचा डायनामो होता. खटका दाबला की त्याचं चाक टायरला टेकायचं आणि पुढं दिवा लागायचा. सेल नाही, रॉकेल नाही. आत काय आहे म्हणून उघडून बघितलं तर मधे चुंबक आणि भोवती तांब्याच्या तारेचा वेढा. बास, एवढंच. तारेजवळ चुंबक हलता ठेवला की तारेत करंट येतो, हे इंग्लंडच्या मायकेल फॅरेडेनं १८३१ साली दाखवलं. त्याच्या आधी ११ वर्षं डेन्मार्कच्या ओर्स्टेडला उलटी बाजू दिसली होती, की तारेतून करंट गेला की शेजारची होकायंत्राची सुई हलते. हा फॅरेडे लोहाराचा पोरगा, शाळा जेमतेम, बुकबाइंडरकडं कामाला होता आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचून शिकला. दहावीत मार्क कमी पडले तेव्हा मी घरी त्याचं नाव पुढं केलं होतं. आबा म्हणाले, ‘मग तू बी पुस्तकं बांध.’

डायनामोनं मला आणखी एक गोष्ट शिकवली ती पायांना. दिवा लावला की सायकल जड व्हायची. चाक घासतं म्हणून असेल वाटायचं, पण बल्ब गेलेला असताना डायनामो टेकवला तर एवढी जड लागत नसे. बल्ब बसवला की जड. म्हणजे उजेड माझ्या मांड्यांतून जात होता. कोयनेला हेच चाललंय, फक्त मांड्या नदीच्या. सह्याद्रीवर अडवलेलं पाणी पश्चिमेला कोकणात खाली सोडतात, पोफळीला डोंगराच्या पोटात ते चाकं फिरवतं, चाकाबरोबर चुंबक फिरतं आणि तारेत लाईट येते. सगळे टप्पे मिळून कोयनेची ताकद १९६० मेगावॅट. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, तेव्हा पाचची मोटार झाली ३७३० वॅटची. हिशेब केला तर कोयना एका वेळी सव्वापाच लाख मोटारी ओढते. आमच्याच जिल्ह्याचं पाणी डोंगरापलीकडं उतरतं आणि आमच्या विहिरीतलं पाणी वर चढवायला तारेतून परत येतं, याची मला अजूनही गंमत वाटते. पाणी तिकडं सोडण्याऐवजी सरळ इकडंच का आणलं नाही, असं आमचे लोक पारावर विचारतात. त्याचं उत्तर डायनामोत नाही.

आता आबांचं सांगतो.

आमच्या विहिरीवर मोट होती. चामड्याची मोट, नाडा-सोंदूर, धावेवर मागं-पुढं जाणारी बैलजोडी. जोडी खिलार, कोसा रंगाची. त्यातला हौशा आबांच्या हातचा, वासरू असल्यापासून वाढवलेला. बैलजोडी दिवसभर मिळून साधारण एक हॉर्सपॉवर काम करते असं धरतात. एका हॉर्सपॉवरवर आमचा दीड एकर बागायत भिजायचा. शेजाऱ्यांनी डांब टाकून घेतले, मोटारी बसवल्या. आबांचं म्हणणं, बघू.

१९७९ सालचा आषाढ होता. दोन दिवस भुरभुर लागून राहिलेली. आबा बैलं घेऊन बांधानं घरी येत होते, कासरा खांद्यावर, स्वतः पुढं. बांधाच्या कोपऱ्यावर लाईटीचा डांब होता आणि त्याला ताणाची तार जमिनीत पुरलेली. त्या तारेत मधे चिनी मातीचा गोळा असायला पाहिजे, म्हणजे वर काही झालं तरी करंट खाली येत नाही. त्या तारेला तो नव्हता. वरचा चिनी कप तडकलेला, पावसानं ओला, आणि करंट ताणातून जमिनीत उतरत होता. हौशा तारेच्या बाजूनं चालला होता. आबांना पायाला मुंग्या आल्यासारखं झालं आणि मागं कासऱ्याला हिसका बसला. वळून बघेपर्यंत हौशा खाली पडलेला. ओरडला नाही, पाय झाडले नाहीत. दुसरा बैल कासरा तोडून रानात पळाला होता.

भरपाईचे कागद आम्ही दोन वर्षं हलवले. तो विषय इथं नको.

आबांनी दोन महिने धड जेवण केलं नाही. ‘माझ्यावरचं त्यानं घेतलं’ एवढंच म्हणायचे. एकट्या बैलावर मोट चालेना. सोसायटीचं कर्ज काढून डिझेलचं इंजिन घेतलं. हँडल मारून दंड भरून यायचे, धुरानं चिंचेचं झाड काळं पडलं आणि ऊस कारखान्याला घालून आलेला पैसा डिझेलला जायचा. लाईटीची मोटार घेऊ म्हणलं की आबा उठून जायचे. एकदा मात्र बोलले. ‘बैल दिसतो. इंजान दिसतं. ही दिसत न्हाई. जी दिसत न्हाई तिला दारात कशी बांधू?’

मला उत्तर देता आलं नाही. पुस्तकातलं सगळं पाठ होतं, पण हौशा मेला आणि आबा कसे राहिले हे पुस्तकात नव्हतं.

ते सांगितलं तालुक्याच्या गावच्या एका रिवायंडिंगवाल्या चाचांनी. शेजाऱ्याची जळालेली मोटार घेऊन मी त्यांच्या दुकानात गेलो होतो. मला वाटलेलं, डायनामोत एवढंसं चुंबक तर मोटारीत केवढं असेल. त्यांनी मोटार खोलली, मी वाकून बघतोय, चुंबक कुठंच नाही. बाहेरच्या कड्यात तांब्याच्या तारांच्या गुंडाळ्या, मधे नुसता लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा आणि त्यात बसवलेल्या कांड्या. ‘चाचा, चुंबक?’ म्हणलं. ते हसले. म्हणाले, ‘तारच चुंबक होते, बेटा. करंट गेला की चुंबक, बंद झाला की तांबं.’ तीन फेज म्हणजे उसाच्या चरकाला तीन माणसं लावल्यासारखं. तिघं एकदम जोर लावत नाहीत, एकामागून एक, ठरल्या अंतरानं लावतात. एकाचा जोर ओसरतो तोवर दुसऱ्याचा चढतो. त्यामुळं बाहेरच्या कड्यात चुंबकाची ओढ गोल फिरत राहते, सेकंदाला पन्नास फेरे, आणि मधला गठ्ठा तिच्या मागं धावतो. धावतो, पण गाठत नाही. ओढ मिनिटाला तीन हजार फेरे घेते, मोटारीच्या पत्र्यावर २८८० लिहिलेलं असतं. गाठलं तर कांड्यांना चुंबक हललेलं कळणारच नाही, मग त्यांच्यात करंटही येणार नाही. १२० फेरे मागं राहते म्हणूनच मोटार चालते. ही युक्ती टेस्लाची, पेटंट १८८८ सालचं. आणि एक फेज गेला की ओढ गोल फिरायची थांबते, जागच्या जागी पुढं-मागं होते, उभी मोटार घुंऽऽ करत तापते आणि वार्निश जळाल्याचा तो वास येतो. हा वास आमच्या भागात लहान पोरंही ओळखतात. त्या वासाची किंमत किती, तेही.

मग मी हौशाचं विचारलं. चाचांनी हातातलं काम ठेवलं. दुकानाच्या मातीच्या जमिनीवर बोटानं एक टिंब काढलं, भोवती एकाबाहेर एक कडी काढली, विहिरीत दगड टाकल्यावर उठतात तशी. टिंब म्हणजे तार जमिनीत शिरते ती जागा. तिथं व्होल्ट जास्त, पुढच्या कड्यावर कमी, त्याच्या पुढच्यावर आणखी कमी. माणूस दोन्ही पायांवर उभा असतो, पायांत फार तर दीड फूट. बैलाचे पुढचे पाय एका कड्यावर आणि मागचे चार-पाच फूट लांबच्या कड्यावर. दोन कड्यांच्या व्होल्टात जेवढा फरक, तेवढा करंट एका पायानं चढून दुसऱ्यानं उतरणार. बैलाच्या वाटेत त्याचं काळीज येतं. माणसाच्या वाटेत पायच येतात. शिवाय बैलाच्या पायात लोखंडी नाल, आबांच्या पायात टायरच्या वहाणा. म्हणून तुटलेली तार पडलेली दिसली तर लांब टांगा टाकून पळायचं नाही, पाय जुळवून सरपटल्यासारखं मागं व्हायचं. हे त्यांनी मला दुकानात करून दाखवलं, सत्तरीचा माणूस. पुढं मी ते किती जणांना करून दाखवलं असेल याची गणती नाही. लोक आधी हसतात.

घरी येऊन मी अंगणात राखेनं तशीच कडी काढली आणि आबांना सगळं सांगितलं. ते उकिडवे बसून बघत राहिले. हौशाचे पाय कुठं, त्यांचे कुठं, त्यांनी काडीनं स्वतः टेकवून बघितले. मग म्हणाले, ‘पायातलं अंतर आसंल. पर तारंच्या अंगानं त्यो चालत हुता. मी न्हाई.’

यात खोटं काही नव्हतं. तारेच्या जवळ कडी दाट असतात, हे मीच त्यांना नुकतं सांगितलं होतं.

पण त्या दिवसानंतर लाईट न दिसणारी राहिली नाही. तिला वाट लागते, ती जमिनीकडं जायला बघते, सोपी वाट दिली तर त्या वाटेनं जाते, हे आबांना पाण्यावरून कळत होतंच. आयुष्यभर त्यांनी दारं मोडून पाणी दिलं होतं. १९८४ साली त्यांनी स्वतःच विषय काढला, आणि अट घातली. ‘आधी तिला भुईत जायाला वाट कर. मग रानात आण.’

अर्थिंगचा खड्डा आम्ही बापलेकांनी खणला, पुरुषभर खोल. मुरूम लागला तरी थांबू दिलं नाही, ओल लागेपर्यंत खणलं. तळाला तांब्याची पट्टी लावलेली प्लेट, तिच्याभोवती कोळसा आणि खडे मीठ थरावर थर, वर पाणी घालायला नळी. मोटारीचं आणि स्टार्टरचं लोखंडी अंग जाड तारेनं या प्लेटला जोडायचं. आतली तार सोलून अंगाला लागली तर करंट माणसाची वाट न बघता या वाटेनं खाली जातो, एकदम जोरात जातो, आणि त्या जोरानं फ्यूज उडतो. आमच्या भागात त्या वेळी दहा विहिरींवर एकालाही धड अर्थिंग नव्हतं. कुणी स्टार्टरची तार नुसती लोखंडी पेटीच्या पायाला गुंडाळायचे, कुणी तेवढंही नाही. कनेक्शन द्यायला आलेला माणूस आमचा खड्डा बघून म्हणाला, ‘एवढं कशाला? कुणी तपासत न्हाई.’ आबा म्हणाले, ‘मी तपासतो की.’

फ्यूजवर लोकांचा फार भरवसा असतो, तेव्हा एक सांगून ठेवतो. पाचची मोटार सात-आठ अँपिअर घेते. फ्यूज त्याहून जाड घालावा लागतो, सुरू होताना मोटार कितीतरी पट जास्त ओढते. आणि माणूस मरायला एका अँपिअरचा शंभरातला तीन-चारवा हिस्सासुद्धा पुरतो. म्हणजे माणूस चिकटून मरेल तरी फ्यूजला त्याचा पत्ता लागणार नाही. फ्यूज तारेसाठी असतो. माणसासाठी वेगळा खटका मिळतो, गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत तीस मिलिअँपिअरचा जरी फरक पडला तरी तो पडतो. घरात तो बसवा. मोबाईलपेक्षा स्वस्त येतो.

कोळसा-मीठ ओलं असेपर्यंत अर्थिंग चालतं. कोरडं पडलं की ती प्लेट म्हणजे नुसतं पुरलेलं तांबं. आमचा मुलूख तर फाल्गुनापासून भेगाळायला लागतो. आबा रोज संध्याकाळी एक कळशी त्या नळीत ओतायचे. आई तुळशीला पाणी घालायची आणि आबा अर्थिंगला. कुणी पाहुणा ‘हे कुठलं दैवत?’ विचारायचा, तर आबा म्हणायचे, ‘हौशाचं.’

२००३ साली मोठा दुष्काळ पडला. विहिरीच्या तळाला चिखलसुद्धा उरला नाही. जनावरं छावणीला, गावात टँकर, तोही दोन-तीन दिवसांनी. मोटार वर काढून ठेवलेली. आबा ऐंशीच्या घरात होते. तरी भांडी धुतलेलं पाणी कळशीत साठवून अर्ध्या मैलावरच्या विहिरीपर्यंत जायचे आणि नळीत ओतायचे. सूनबाई मला म्हणाली, मामंजींना समजावा. मी समजावलं, की मोटार बंद आहे, विहीर कोरडी आहे, अर्थिंगला पाणी कशाला. ते म्हणाले, ‘पेटीपतोर लाईट हाय का न्हाई?’ आहे, म्हणलं. ‘मग?’

माझ्याकडं ‘मग’चं उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून कळशी मी न्यायला लागलो. आबा २००७ साली गेले.

सगळ्यांची लाईट अशी जमिनीत जात नाही. आमच्या शिवारात एक पोरगा होता, आयटीआय अर्धवट सोडलेला, हाताला हुशार. आमच्याकडं अशा पोराला झिरो वायरमन म्हणतात. पगारी वायरमनला दहा गावं, तो येईपर्यंत पीक वाळतं, मग डीपीवरचा फ्यूज घालायला हा पोरगा. एका डीपीवर वीस-पंचवीस शेतकरी, प्रत्येकानं पन्नास-शंभर रुपये द्यायचे. उन्हाळी भुईमुगाचं पाणी तुटलं होतं, लोक घायकुतीला आलेले. त्यानं डीपीचा मोठा खटका ओढला, दांडा खाली आलेला सगळ्यांनी बघितला. वर तीन पाती असतात. दोन सुटली, तिसरं गंजून तिथंच अडकून राहिलं होतं. खालून दांडा बघितला तर बंद, वर एक फेज जिवंत. तो चढला.

त्याची आई आमच्याच रानात खुरपायला येते. दांड्यावर जाऊ नका, तिन्ही पाती डोळ्यानं वेगळी झालेली बघा, आणि तिन्ही तारांना अर्थ लावल्याशिवाय कुणीही वर हात लावू नका, असं मी ग्रामसभेत बोललो. त्याहून मोठ्यानं बोललो ते हे, की वर चढणं हे शेतकऱ्याच्या पोराचं काम नाहीच. सगळ्यांनी माना हलवल्या. पुढच्या उन्हाळ्यात दुसरा पोरगा चढत होता. पाणी तुटलं की माणूस काय करतो हे मला माहीत आहे, म्हणून मी कुणाला नावं ठेवत नाही, फक्त डीपीखाली उभा राहून पाती मोजतो. पोरं मला ‘पातीमामा’ म्हणतात.

आता आमच्या विहिरीवर सौर पंप आहे. मुलानं सरकारी योजनेत अर्ज करून घेतला. रात्री दोनला उठून बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जाणं संपलं, हे त्याचं सगळ्यात मोठं सुख. ती पाळी ज्यानं आयुष्यभर केली त्यालाच ते कळेल. काचेवर ऊन पडतं, आतले इलेक्ट्रॉन ढकलले जातात, आणि हा करंट एकाच दिशेनं वाहतो, तारेतल्या लाईटसारखा पुढं-मागं होत नाही. ढग आला की पाण्याची धार बारीक होते, ढग गेला की मोठी. नातवाला त्याचा खेळ वाटतो.

बसवणारी पोरं आली तेव्हा मी त्यांना विचारलं, मोटार कसली. त्यातला एक म्हणाला, ‘आजोबा, ह्याच्यात आत चुंबक असतंय.’ इतक्या वर्षांनी मोटारीत चुंबक निघालं. मी त्याला ती खोलून दाखवायला सांगितलं, तर म्हणाला, वॉरंटी जाईल.

त्यांनी नवी अर्थिंगची कांडी आणली होती, भुकटी घातलेली, आणि वीज अडवायला उंच टोकदार दांडा. ‘ह्या अर्थिंगला पाणी लागत न्हाई’ म्हणाला. मी हो म्हणलं. संध्याकाळी ती पोरं गेल्यावर जुन्या नळीत एक कळशी ओतली आणि नव्या कांडीजवळही अर्धी ओतली. नातू बरोबर होता. त्यानं विचारलं, ‘ह्याला का घालायचं?’ मी त्याला राख आणायला घरी पाठवला.